कच्ची वर्षं कोणाच्या वाट्याला?

प्रत्येक शिक्षक कोणाच्या तरी मुलांवर शिकतो. डी.एड.ची दोन वर्षं होतात, सराव पाठ होतात, टाचणवही तपासून मिळते, गुणपत्रिका हातात येते. तरीही पहिल्या नेमणुकीच्या शाळेत पहिल्या दिवशी जो माणूस वर्गात शिरतो, तो अजून पुरता शिक्षक झालेला नसतो. तो शिक्षक होतो पुढच्या काही वर्षांत, आणि ज्या मुलांसमोर होतो त्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागते. अतिशय चांगल्या शिक्षकालाही विचारून पाहा. पहिल्या एकदोन तुकड्यांना आपण नंतरच्यांइतकं देऊ शकलो नाही, ही सल त्याच्या मनात असते. ही किंमत आजवर कोणत्याही देशाला, कोणत्याही शिक्षणपद्धतीला टाळता आलेली नाही. ती कमी करता येते, वाटून घेता येते, आणि बेफिकिरीने वाढवताही येते.

थोड्या मुदतीसाठी वर्गात येणारे तरुण चांगले की शिक्षकी पेशा पत्करून आयुष्यभर राहणारे चांगले, हा वाद गेली तीसपस्तीस वर्षं जगभर चालू आहे आणि महाराष्ट्रातही आहे. बहुतेक वेळा तो ‘कोण चांगलं शिकवतं’ या प्रश्नावर लढला जातो. माझ्या मते तिथे तो सुटत नाही. प्रश्न असा मांडायला हवा : शिक्षकाची कच्ची वर्षं कोणाच्या मुलांच्या वाट्याला येतात, आणि किती वेळा?

अंबरनाथमध्ये राहणाऱ्याला यातली पहिली पायरी समजावून सांगावी लागत नाही. इथे आयुधनिर्माणी आहे, एमआयडीसी आहे, आणि आयटीआय करून कारखान्यात उमेदवारी करणारी मुलं पिढ्यान् पिढ्या आहेत. उमेदवाराच्या हातून जॉब बिघडतो, तो भंगारात जातो आणि तो खर्च कारखाना धरूनच चालतो. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट असते. त्या मुलाच्या शेजारी जुना कारागीर उभा असतो. तो माप घेतो, चूक दाखवतो, महागाचं काम लगेच हाती देत नाही. आणि मुलगा तयार झाला की कारखान्याला तो हवा असतो. दर दोन वर्षांनी सगळे उमेदवार बदलायचे, कारागीर एकही टिकवायचा नाही, अशा हिशेबावर कोणी कारखाना चालवणार नाही. शाळेत तर बिघडलेलं काम भंगारात टाकून नवा तुकडा घेता येत नाही. पहिलीत अक्षरांशी गाठ न पडलेलं मूल दुसरीत जातं, तिसरीत जातं आणि पाचवीत गप्प बसायला शिकतं.

आता पालेगावाकडे या. अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीच्या अंगाला असलेलं हे गाव भराभर बदललं आहे. शेताच्या बांधाला लागून टॉवर उभे राहिले, गृहसंकुलांच्या कमानी आल्या, मुंबईत घर न परवडलेली माणसं इथे राहायला आली. त्यांच्याबरोबर आले ते बांधकामावरचे मजूर, कारखान्यातले कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, रखवालदार. टॉवरमधली मुलं खाजगी इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढतात. बाकीच्यांची मुलं सरकारी शाळेत जातात.

समजा, अशाच एका बांधकामावर परभणीकडून आलेल्या जोडप्याची मुलगी जवळच्या सरकारी शाळेत पहिलीत बसली. ती वर्गात बोलत नाही. नव्या शिक्षिकेला वाटतं, हिला काही येत नाही. प्रत्यक्षात ती मुलगी साइटवर विटांचे थर मोजते, किराणा दुकानातून सुटे पैसे बरोबर आणते. तिला संख्या येते, संख्येचं चिन्ह येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे बालमानसशास्त्राच्या पेपरात लिहून गुण मिळवता येतात, पण समोरच्या मुलीत ते ओळखायला बरीच मुलं बघावी लागतात. मग पुढचं कळतं. ही मुलगी सोमवारी का येत नाही, धाकट्या भावाला कडेवर घेऊन का येते, स्लॅबचं काम संपलं की हे कुटुंब कुठे जाणार. मुकादमाचा नंबर आपल्याकडे हवा, आई शाळेत येणार नाही पण संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी भेटेल. दुसऱ्या वर्षी शिक्षिकेला कळतं की दिवाळीनंतर पट का ओसरतो. तिसऱ्या वर्षी कळतं की गेलेल्यांपैकी कोण परत येतं, आणि परत आलेल्या मुलाला कुठून धरायचं. चौथ्या वर्षी त्याच घरातला धाकटा भाऊ पहिलीत येतो, आणि तेव्हा शिक्षिकेला त्याची अर्धी ओळख आधीच झालेली असते.

यातलं बरंचसं ज्ञान त्या जागेचं आहे. पालेगावातली शिक्षिका उद्या कुलाब्यात गेली तर तिथे ते जसंच्या तसं उपयोगी पडणार नाही, आणि तिच्या जागी येणाऱ्याला ते कोणत्याही पुस्तकातून मिळणार नाही. ‘अनुभवी शिक्षक’ असं मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात हे असतं. नुसती नोकरीची वर्षं मोजून ते हाती लागत नाही. त्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

थोड्या मुदतीच्या शिक्षकाच्या कल्पनेचा उगम अमेरिकेतला. वेंडी कॉप या विद्यार्थिनीने प्रिन्स्टन विद्यापीठात १९८९ साली एक प्रबंध लिहिला : नामवंत महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या हुशार मुलांनी दोन वर्षं देशातल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिकवावं. पुढच्याच वर्षी ‘टीच फॉर अमेरिका’ सुरू झालं. आपल्याकडे शाहीन मिस्त्री यांनी आधी ‘आकांक्षा’ ही संस्था उभी केली होती. त्यांच्याच पुढाकाराने ‘टीच फॉर इंडिया’ आलं, आणि २००९ मध्ये त्याची पहिली तुकडी मुंबई-पुण्यातल्या शाळांत शिकवू लागली. रचना सारखीच. निवड कडक, काही आठवड्यांचं प्रशिक्षण, मग दोन वर्षं पूर्ण वेळ एक वर्ग. दोन वर्षांनंतर हा तरुण, म्हणजे ‘फेलो’, कुठेही जावा, शासनात, उद्योगात, पत्रकारितेत. पण तो आयुष्यभर शिक्षणाच्या प्रश्नाशी बांधलेला राहील, अशी त्यांची धारणा आहे. ती पोकळ नाही. अशा माजी फेलोंनी पुढे संस्था काढल्या, आणि पुण्यातली ‘लीडरशिप फॉर इक्विटी’ शासनाच्या शिक्षण यंत्रणेबरोबरच काम करते. चांगल्या पगाराची वाट सोडून एखादी तेवीस वर्षांची मुलगी गोवंडीतल्या महापालिका शाळेत दोन वर्षं राबते, तेव्हा त्या श्रमांबद्दल आदरच वाटायला हवा.

पुरावा काय सांगतो? तो पुरता सांगायला हवा, कारण दोन्ही बाजूंचे लोक सोयीचा अर्धा भाग सांगतात. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅथमॅटिका संस्थेच्या अभ्यासात ‘टीच फॉर अमेरिका’च्या शिक्षकांची मुलं गणितात थोडी पुढे दिसली, वाचनात फरक दिसला नाही. पुढच्या वर्षी लिंडा डार्लिंग-हॅमंड आणि सहकाऱ्यांनी ह्यूस्टन शहरातल्या शाळांची आकडेवारी तपासली. तिथे रीतसर प्रशिक्षित शिक्षक अप्रशिक्षितांपेक्षा सरस ठरले. आंध्र प्रदेशात मुरलीधरन आणि सुंदररामन यांनी ग्रामीण शाळांत एक जादा कंत्राटी शिक्षक देऊन पाहिला. मुलं जास्त शिकली, आणि कंत्राटी शिक्षकांची गैरहजेरीही कायम शिक्षकांपेक्षा कमी होती.

आपल्या दाराशी झालेला प्रयोग म्हणजे ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या तरुणी नेमल्या गेल्या. त्यांना दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळत. मागे पडलेली पंधरावीस मुलं वर्गातून बाजूला घ्यायची आणि रोज दोन तास त्यांना मुळाक्षरांपासून शिकवायचं, एवढंच काम. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा माग ठेवला. मुलांची प्रगती ठळक होती, आणि सर्वांत मागे असलेल्यांची सर्वांत जास्त. त्याच अभ्यासात पुढे असंही आढळलं, की कार्यक्रम थांबल्यानंतर एका वर्षाने त्या लाभाचा मोठा भाग ओसरला होता.

तेव्हा एक वर्ग आणि एक वर्ष एवढीच मोजपट्टी लावली, तर कमी प्रशिक्षण घेतलेला तरुण हरेलच असं नाही. अनेकदा तो जिंकेल. तो निवडून घेतलेला असतो, उत्साही असतो आणि त्याच्यावर कोणाचं तरी लक्ष असतं. शिवाय ज्यांच्याशी तुलना होते ते बाजूच्या वर्गातले शिक्षकही फारसे तयार नसतात. मॅथमॅटिकाच्या अभ्यासातल्या गरीब शाळांत नेहमीच्या शिक्षकांपैकीही अनेकांचं प्रशिक्षण अपुरंच होतं. कच्च्याची तुलना कच्च्याशी झाली.

पण मोजपट्टी बदलून वर्षाऐवजी दशक घ्या. एका वर्गावर दहा वर्षांत दोन-दोन वर्षांचे पाच जण आले, तर दहांपैकी पाच वर्षं कोणाचं तरी पहिलं वर्ष असतं. तोच वर्ग एका शिक्षकाकडे राहिला, तर दहांपैकी एकच. तीस वर्षं धरली तर पंधरा विरुद्ध एक. यासाठी कोणत्या अभ्यासाची गरज नाही, हा तिसरीचा भागाकार आहे. आणि शिक्षकाचा हात सर्वांत वेगाने सुधारतो तो पहिल्या तीन-चार वर्षांत, यावर संशोधकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. म्हणजे दोन वर्षांची योजना शिक्षकाची नेमकी सर्वांत महागडी वर्षं त्या शाळेला देते, आणि तो फळ देऊ लागला की त्याला तिथून काढून घेते. एकेका फेलोचा यात काही दोष नाही. योजनेच्या गणितातच ते आहे.

आणखी एक नुकसान आहे, ते दिसायला उशीर लागतो. न्यूयॉर्कमधल्या चौथी-पाचवीच्या मुलांच्या आठ वर्षांच्या नोंदी अभ्यासून रॉनफेल्ड, लोएब आणि वायकॉफ यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की शिक्षक सतत बदलणाऱ्या शाळेत मुलं मागे पडतात. ज्यांचे स्वतःचे शिक्षक टिकून होते ती मुलंसुद्धा. याचं कारण शाळेत काम केलेल्या कोणालाही पटेल. शाळेची एक सामाईक आठवण असते. कोणत्या घरात काय चाललंय, कोणत्या धड्यावर मुलं अडतात, पोषण आहाराचा तांदूळ उशिरा आला तर काय करायचं, व्यवस्थापन समितीतला कोणता पालक हाकेला धावून येतो. टिकलेल्या शिक्षकांना दरवर्षी नव्यांना हे पहिल्यापासून सांगत बसावं लागतं, आणि तो वेळ त्यांच्या स्वतःच्या वर्गातून जातो.

टॉवरमधल्या पालकांनी असा व्यवहार आपल्या मुलांसाठी मान्य केला असता का, असा प्रश्न विचारायचा मोह होतो. खरं तर त्यांच्याही वाट्याला तो येतो. या पट्ट्यातल्या अनेक विनाअनुदानित शाळांत पगार इतके कमी आहेत की शिक्षिका दर जूनला बदलतात. फी भरूनही पालकांना ते उशिराच कळतं. पण त्या मुलाच्या घरी पुस्तक असतं, शिकलेली आई असते, शिकवणी असते. शाळेतली उणीव भरून काढणारं कोणीतरी असतं. साइटवरच्या मुलीला शाळेखेरीज काही नाही. कच्ची वर्षं तिच्या वाट्याला येतात तेव्हा त्यांचा पूर्ण भार तिच्यावरच पडतो.

महाराष्ट्रात फेलो किती? मूठभर, आणि तेही मोठ्या शहरांत. इथे तात्पुरता, मानधनावरचा शिक्षक मोठ्या संख्येने निर्माण केला तो शासनाने. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या उमेदवाराने पहिली तीन वर्षं मानधनावर काम करायचं, मग कायम व्हायचं. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला सुरुवातीला ३,००० रुपये, मग बरीच वर्षं ६,०००, आणि २०२३ पासून १६,००० रुपये मिळतात. या योजनेत शासनाने एक गोष्ट अचूक ओळखली होती : पहिली तीन वर्षं वेगळी असतात. पण त्यातून निष्कर्ष काढला तो केवळ पैसे वाचवण्याचा. कच्चा आहे म्हणून त्याला जास्त जपा, जास्त शिकवा, असं कोणी म्हटलं नाही. कच्चा आहे म्हणून स्वस्तात घ्या, एवढंच झालं.

पुढे तर हीच रीत झाली. २०१० नंतर मोठी शिक्षक भरती जवळपास थांबली. २०१७ च्या अखेरीला अभियोग्यता चाचणी झाली, आणि शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. मधली पोकळी कशीबशी भरली जात राहिली. २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर बोलावण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत १५,००० रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं, आणि काही महिन्यांत तो निर्णय मागे घेतला गेला. त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतनावर तरुण-तरुणी आधी सहा महिन्यांसाठी, मग मुदतवाढ धरून अकरा महिन्यांसाठी शाळांतही पाठवले गेले. दोन वर्षंसुद्धा नाहीत. मुलांना नाव नीट पाठ व्हायच्या आत ताई निघून गेली. फेलोला निदान निवड, प्रशिक्षण आणि पाठीशी माणूस असतो. या तरुण-तरुणींना यातलं काहीच नव्हतं, आणि त्यांच्या हाती पुढे काय, याचंही उत्तर नव्हतं.

या राज्यात हा विचार आधी कोणी केला नव्हता, असं नाही. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाविषयी फार नेमकेपणाने लिहिलं आहे. प्राथमिक शाळांना प्रशिक्षित शिक्षक हवेत, ते शक्यतो शेतकरी-कष्टकरी समाजातले हवेत, गरज पडली तर नांगर धरायला किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला ज्यांना लाज वाटणार नाही आणि खालच्या थरातल्या लोकांत जे सहज मिसळतील असे हवेत. आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत त्याहून जास्त असावा. प्रशिक्षण, गावाशी नातं आणि पोटापुरता पगार या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. आज आपण त्या सुट्या करून एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या आहेत. प्रशिक्षित हवा की तळमळीचा, स्थानिक हवा की हुशार, स्वस्त हवा की कायम. फुल्यांना तो एकच माणूस हवा होता.

आता कायम शिक्षकांची बाजू घेणाऱ्यांना जे ऐकायला आवडत नाही, त्याकडे वळतो. मुदत मोठी असली म्हणजे माणूस पिकतोच असं नाही. तीस वर्षं नोकरी म्हणजे काही ठिकाणी खरोखरच तीस वर्षांचा अनुभव असतो, आणि काही ठिकाणी एकाच वर्षाचा अनुभव तीसदा. याची सुरुवात प्रशिक्षणापासून होते. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत महाराष्ट्रात डी.एड. महाविद्यालयं अमाप निघाली. त्यांतल्या २९१ महाविद्यालयांच्या मान्यतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि त्यातूनच देशभरातल्या शिक्षक प्रशिक्षणाची तपासणी करणारा न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. रीतसर प्रशिक्षणाच्या नावाखाली जे चाललं होतं, त्यातलं बरंचसं प्रशिक्षण नव्हतंच. दोन आठवडे शिकलेली बालसखी आणि फक्त कागदावर दोन वर्षं शिकलेला डी.एड. यांत कोण जास्त तयार, याचं उत्तर सोपं नाही.

आणि नेमणुकीनंतर? नव्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून कोणी पाठ पाहतो का? केंद्रप्रमुखाचं पद याच कामासाठी निर्माण झालं, पण त्याचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो. शिक्षकाचा दिवस ॲप भरण्यात, निवडणूक यादीत, सर्वेक्षणात. ठाणे जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, याच तालुक्यात, बदलापूरजवळ रहाटोलीला आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अशा संस्था कल्पिल्या त्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला त्याच्या कामात आधार मिळावा म्हणून. आज शिक्षकाला तिथून प्रामुख्याने मिळतं ते प्रशिक्षणाचं वेळापत्रक. सभागृहात बसून पडद्यावरची चित्रं बघायची आणि हजेरीपटावर सही करायची.

गुणवत्तेची चिंता वाटली की आपण परीक्षा घेतो. महाराष्ट्रात २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली, आणि तिच्यातला घोटाळा पुढे पोलिसांपर्यंत गेला. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. पंचवीस वर्षं शिकवलेली बाई आता शिकवणीला जाऊन बहुपर्यायी प्रश्नांचा सराव करते आहे. ती वर्गात काय करते, हे बघायला मात्र पंचवीस वर्षांत कोणी आलेलं नसेल.

इथे थोड्या मुदतीच्या योजनांकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट समोर येते. फेलो चांगला का शिकवतो? त्याच्या हुशारीचं कौतुक सगळे करतात, पण त्याला नेमून दिलेला एक अनुभवी माणूस असतो, तो ठरावीक काळाने वर्गात येऊन बसतो, मुलांच्या वह्या पाहतो, नंतर बोलतो, पुढच्या वेळी आधीच्याची आठवण काढतो. केनियात हे उलट्या बाजूने दिसलं. कंत्राटी शिक्षकांची योजना स्वयंसेवी संस्थेने राबवली तिथे मुलं पुढे गेली. तीच योजना सरकारने देशभर नेली तेव्हा लाभ दिसेनासा झाला. शिक्षक तसेच, मुदत तीच. देखरेख आणि वेळेवर पगार मात्र मधून गळाले होते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात क्राफ्ट आणि पपे यांनी दहा वर्षांचा आलेख काढला, तेव्हा आधार देणाऱ्या शाळांतले शिक्षक इतरांपेक्षा कितीतरी जास्त सुधारत गेलेले दिसले. म्हणजे वर्षं पिकवतात ती आपोआप नाही. शेजारी कोणीतरी लागतं.

थोड्या मुदतीचं काम निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ घेऊ नये. काही कामंच थोड्या मुदतीची असतात. ठाणे जिल्ह्यात दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या मुलांसाठी ‘विधायक संसद’ या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा चालवल्या, तेव्हा हंगामापुरता तिथे राहणारा तरुण हाच योग्य शिक्षक होता. बालसखीचे दोन तास हेही असंच नेमकं काम होतं. वर्गशिक्षिकेच्या सोबतीला असा हात मिळाला तर तो मोलाचा. त्याला वर्गशिक्षिकेच्या जागी बसवलं की घोळ सुरू होतो.

वस्तीशाळांची गोष्ट तर या वादाचे दोन्ही कप्पे मोडते. पाड्यावर, वस्तीवर शाळा नेण्यासाठी त्या निघाल्या आणि त्यांवर त्याच भागातले तरुण निमशिक्षक म्हणून अगदी तुटपुंज्या मानधनावर नेमले गेले. कागदावर ते तात्पुरते. पण पाडा त्यांचाच होता, म्हणून ते राहिले. नोकरी करता करता डी.एड. केलं, वर्षानुवर्षं लढले आणि अखेर जिल्हा परिषदेच्या सेवेत सामावले गेले. त्यांनी काढलेली ती वर्षं अन्यायाची होती, यात शंका नाही. पण मुलांपुरतं बोलायचं तर त्यांची कच्ची वर्षं एकदाच आली, आणि पुढचा अनुभव त्याच पाड्याच्या कामी आला.

आणि ज्यांना तळमळ आणि तयारी या परस्परविरोधी गोष्टी वाटतात, त्यांनी जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या कोसबाडकडे पाहावं. तिथलं काम आधी बोर्डीला सुरू झालं. ताराबाई मोडक बोर्डीला आल्या त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत नऊ वर्षं बालशिक्षणाचं काम करून. अनुताई वाघ प्रशिक्षित प्राथमिक शिक्षिका होत्या, नाशिकच्या खेड्यांत आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकवून १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. नवख्या दोघीही नव्हत्या. तरीही वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांना शाळाच मुलांकडे न्यावी लागली, अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणात.  १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, आणि अनुताई १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच होत्या. दोन वर्षांनी त्या निघून गेल्या असत्या, तर एक तळमळीची शिक्षिका येऊन गेली, एवढीच नोंद राहिली असती.

मग पालेगावच्या त्या मुलीसाठी काय मागायचं? मी फार मोठं काही मागणार नाही. शिक्षणसेवकाची तीन वर्षं नियमांत आधीच आहेत. ती स्वस्ताईची न ठेवता शिकण्याची करता येतात. पहिल्या वर्षी पूर्ण पगार, एकटीवर दोन इयत्तांचा भार नाही, निवडणुकीचं काम नाही, आणि आठवड्यातून एकदा वर्गात मागे बसणारी जुनी शिक्षिका. ती कुठून आणायची, असं विचारलं जाईल. २०२३ मध्ये शासनाने निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये देऊ केलेच होते, तेही त्यांना पुन्हा फळ्यापुढे एकटं उभं करून रिकामी जागा भरण्यासाठी. तीस-तीस वर्षं याच शाळांत काढलेल्या अशा बाया अंबरनाथ-बदलापूरच्या घराघरांत आहेत. त्याच पैशात त्यांतली एक जण चारपाच शाळांतल्या नव्या शिक्षिकांच्या वर्गांत फिरू शकते, वह्या पाहू शकते आणि मधल्या सुट्टीत शेजारी बसून सांगू शकते की ती परभणीची मुलगी गप्प आहे, पण तिला मोजता येतं. तिच्यापुढे विटा मांड.